चित्रतुरगाचा दमसास : दीर्घपल्ल्याच्या शर्यतीच्या जुन्या मोटारी आणि व्हिडिओ गेम

पोर्शे 917, फोर्ड जीटी 40, जॅग्वार एक्सजेआर-9, मॅझ्दा 787बी ही नावे आज ज्यांच्या तोंडी आहेत, त्यांपैकी बहुतेकांनी या मोटारी प्रत्यक्ष धावताना पाहिलेल्या नाहीत. परंतु त्या त्यांनी चालविलेल्या आहेत. हे विधान विरोधाभासाचे वाटले तरी वस्तुस्थिती तीच आहे. फ्रान्समधील ल माँ येथे 1923 पासून भरत आलेल्या चोवीस तासांच्या शर्यतीत एकेकाळी गाजलेल्या या गाड्या आता बहुधा वस्तुसंग्रहालयांत किंवा धनिकांच्या संग्रही विसावल्या आहेत, आणि सामान्य माणसाचा त्यांच्याशी जो संबंध उरला आहे तो व्हिडिओ गेमच्या द्वारे. जपानमधील पॉलिफनी डिजिटल या संस्थेची 1997 पासून चालत आलेली ‘ग्रान तुरिस्मो’ ही खेळमालिका आणि इटलीतील कुनोस सिमुलात्सिओनी या संस्थेचा 2014 मधील ‘आसेत्तो कोर्सा’ हा खेळ ही या क्षेत्रातील ठळक उदाहरणे होत. एका पिढीचे एखाद्या वस्तूविषयीचे ज्ञान जर अनुकृतीवरच उभे राहावयाचे असेल, तर त्या अनुकृतीत मूळ वस्तूचे काय उतरले आणि काय गळून पडले याची तपासणी टीकेने करावयास हवी. ती आजवर फारशी झालेली नाही. या खेळांची जी परीक्षणे प्रसिद्ध होतात त्यांचा पुष्कळसा भाग चित्रांच्या झगमगाटाची तारीफ करण्यात खर्ची पडतो.

प्रारंभीच एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. ज्या मोटारींचा येथे विचार करावयाचा आहे त्या वेगवान होत्या हे खरे; परंतु केवळ वेगासाठी त्या घडविलेल्या नव्हत्या. चोवीस तास न मोडता धावत राहणे आणि त्या मर्यादेत जितका वेग मिळेल तितका घेणे, हे त्यांचे प्रयोजन होते. मराठीत गवयाच्या संदर्भात ‘दमसास’ असा एक अर्थपूर्ण शब्द रूढ आहे. एखादी तान किती द्रुत घेतली यापेक्षा श्वास किती राखला आणि कोठे खर्च केला, याचा हिशेब त्या शब्दात आहे. दीर्घपल्ल्याच्या मोटारीचा गुण तो हाच. तेव्हा या मोटारींच्या अनुकृतीची कसोटीही दमसास हीच असली पाहिजे.

ही अनुकृती कोणत्या जातीची आहे हे सांगण्यास श्रीशंकुकाचा चित्रतुरगाचा दृष्टान्त उपयोगी पडतो. चित्रातील घोडा पाहून ‘हा घोडा’ असे जे ज्ञान होते ते खरे म्हणता येत नाही, खोटे म्हणता येत नाही. ते संशयाचे नसते आणि नुसत्या सादृश्याचेही नसते. रामाची भूमिका करणाऱ्या नटाविषयी प्रेक्षकाला होणारी प्रतीती अशीच विलक्षण असते, असे शंकुकाचे म्हणणे. अभिनवगुप्ताने या अनुकृतिवादाचे खंडन केले हे प्रसिद्धच आहे. तथापि दृष्टान्ताचे मोल त्यामुळे कमी होत नाही. व्हिडिओ गेममधील मोटार हा एक चित्रतुरगच होय. फरक इतकाच, आणि तो लहान नव्हे, की शंकुकाच्या चित्रातील घोड्यावर पाहणारा बसत नाही. येथे तो बसतो, लगाम ओढतो, आणि चित्रातील घोडा त्या लगामाला ओ देतो. म्हणून येथे साम्य पाहावयाचे ते रूपाचे नव्हे, प्रतिसादाचे. रंगावर पडणारे मेघांचे प्रतिबिंब कितीही हुबेहूब असले तरी ब्रेक दाबल्यावर गाडीचे वजन पुढच्या चाकांवर येते की नाही, हा प्रश्न त्याहून अधिक मूलभूत ठरतो.

या कसोटीवर उत्तम खेळांचे यश मान्य केलेच पाहिजे. ‘आसेत्तो कोर्सा’मध्ये 2016 साली पोर्शेच्या गाड्यांची भर पडली, त्यांत 917 होती. हातात खेळासाठीचे स्टिअरिंग आणि पायाशी तीन पेडल घेऊन ही गाडी चालविणाऱ्यास दोन-चार फेऱ्यांतच असे काही उमगते, की जे वर्णनाने सांगता येणे कठीण. बारा सिलिंडरांचे इंजिन पाठीशी, चालकाची पावले पुढच्या आसाच्याही पुढे, आणि मदतीला कोणतेही इलेक्ट्रॉनिक साधन नाही. वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की वजन पुढे सरकते, मागील चाकांची पकड सुटते आणि गाडीचे शेपूट बाहेर जाऊ लागते. भीतीने केलेली कृतीच अनर्थाचे कारण होते, हे ज्ञान खेळाडूच्या हातापायांत मुरते. (‘ग्रान तुरिस्मो’मध्ये मात्र अशा गाड्यांनाही ब्रेक लागताना चाके अडकू न देणारी आधुनिक यंत्रणा आपोआप जोडलेली असते. ती खेळाडूने मुद्दाम बंद करावी लागते, आणि बहुतेक खेळाडू ती बंद करीत नाहीत.)

दुसरे यश मार्गाचे. ल माँ येथील म्युल्सानचा सुमारे सहा किलोमीटरांचा सरळ रस्ता 1990 साली मध्ये दोन अडसरवजा वळणे घालून तोडण्यात आला, कारण त्यावरील वेग माणसाच्या आटोक्याबाहेर चालला होता. 1988 साली एका फ्रेंच गाडीने तेथे ताशी 405 किलोमीटरांचा वेग गाठला होता. तो अखंड रस्ता शर्यतीपुरता कायमचा नाहीसा झाला. ‘ग्रान तुरिस्मो 4’ या 2004 मधील खेळात मात्र मार्गाची दोन्ही रूपे ठेवलेली होती, वळणांसह आणि वळणांवाचून. त्या दुसऱ्या रूपावर मिनिटभर ॲक्सिलरेटर तळाशी टेकवून बसणे, आणि शेवटी झाडांमधून पुढे येणाऱ्या वळणासाठी ब्रेक नेमका कोठे लावावा हे अंदाजाने ठरविणे, हा अनुभव आज अन्यत्र कोठेही उपलब्ध नाही. नष्ट झालेल्या स्थळाचे असे जतन इतिहासग्रंथाला साधत नाही.

असे असता दोष कोठे आहे? सामान्यतः असे म्हटले जाते की खेळात मृत्यूचे भय नाही, म्हणून तो खोटा. हा आक्षेप वजनदार दिसतो. परंतु तो चुकीच्या जागी ठेवलेला आहे. 917 चा आरंभीचा इतिहास भयाचाच आहे यात शंका नाही. 1969 च्या ल माँ शर्यतीत पहिल्याच फेरीत जॉन वुल्फ हा चालक तिच्यात मरण पावला. वेगात तिचे मागील अंग जमिनीवरून हलके होई आणि गाडी रस्त्यावर ठरेना. त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यात ऑस्ट्रियात चाचण्या चालू असता अभियंता जॉन हॉर्समन यांच्या असे लक्षात आले की गाडीच्या पुढील भागावर चिलटे मरून चिकटली आहेत, आणि शेपटीचा भाग मात्र स्वच्छ आहे. म्हणजे हवेचा प्रवाह तेथे पोहोचतच नाही. ॲल्युमिनियमचे पत्रे आणून शेपूट तेथल्या तेथे आखूड व उंच करण्यात आले आणि गाडी स्थिर झाली. खेळांतून सर्रास आढळते ती हीच सुधारलेली, आखूड शेपटीची 917. मूळची अस्थिर गाडी निवडली असती तर खेळाडूला तो इतिहास अधिक कळला असता हे खरे. तरीपण भयाच्या अभावाला दोष म्हणता येणार नाही. प्रेक्षकाला स्वतःच्या जीविताचे भय वाटू लागले तर भयानक रसाची निष्पत्ती होत नाही, तो उठून पळून जाईल. हे आपल्या साहित्यशास्त्राने केव्हाच सांगून ठेवले आहे. खेळातून मृत्यू वगळला गेला, हा त्या माध्यमाचा धर्म होय. मृत्यूबरोबर झीजही वगळली जाते, हा मात्र दोष आहे; कारण झीज वगळण्याची माध्यमाला काहीच गरज नव्हती.

1970 च्या शर्यतीचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. त्या वर्षी पोर्शेने ल माँ येथे प्रथमच निर्विवाद विजेतेपद मिळविले. विजयी गाडी 23 क्रमांकाची 917, चालक हान्स हेरमान आणि रिचर्ड ॲटवुड. त्या वेळी 917 साठी 4.9 लिटरचे नवे, अधिक शक्तीचे इंजिन उपलब्ध झाले होते. ॲटवुड यांनी त्याऐवजी जुने 4.5 लिटरचे इंजिन मागून घेतले. गिअरबॉक्सही पाचांऐवजी चार गिअरचा घेतला, कारण तो मोडण्याचा संभव कमी. सोबतीला वयाने व अनुभवाने प्रौढ असा हेरमान निवडला. प्राथमिक फेऱ्यांत ही गाडी पंधराव्या स्थानी आली, आणि आपण फार सावधपणा केला की काय अशी शंका ॲटवुड यांना येऊन गेली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. मग पाऊस सुरू झाला. अधिक शक्तीच्या गाड्या एकामागून एक मोडल्या, घसरल्या, बाद झाल्या. अखेरीस क्रमवारीत धरण्याजोग्या गाड्या उरल्या त्या फक्त सात. त्यांत पहिली 23 क्रमांकाची. ॲटवुड यांना त्या वेळी गालगुंड झालेले होते, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे.

आता हाच निर्णय व्हिडिओ गेममधील खेळाडूपुढे ठेवून पाहावा. ‘ग्रान तुरिस्मो’मध्ये प्रत्येक गाडीस तिची शक्ती, वजन, टायरची पकड इत्यादींवरून गुणांक दिलेला असतो, आणि गाड्यांची प्रतवारी त्या गुणांकावर होते. 4.5 लिटरच्या इंजिनाचा गुणांक 4.9 लिटरच्या इंजिनाहून कमीच भरणार. टिकाऊपणाला या गणितात स्थान नाही. कारण इंजिन शर्यतीत मोडतच नाही. ज्या जगात काहीच मोडत नाही तेथे मंद यंत्र निवडणे हा मूर्खपणा ठरतो. म्हणजे 1970 ची शर्यत ज्या विवेकाने जिंकली गेली तो विवेक या खेळात वापरावयाचा म्हटला तरी वापरता येत नाही. गाडी आली, मार्ग आला, पाऊसदेखील आला. गाडी जिंकली कशी, तेवढे मात्र यावयाचे राहिले.

याचे मूळ काळाच्या हाताळणीत आहे. चोवीस तास हा दीर्घपल्ल्याच्या शर्यतीचा केवळ अवधी नव्हे, तो तिचा आशय आहे. ‘ग्रान तुरिस्मो 4’च्या कर्त्यांनी हे ओळखले होते असे दिसते. त्या खेळात चोवीस तासांच्या शर्यती खरोखरच चोवीस तासांच्या होत्या, आणि मध्येच थांबून खेळ जतन करून ठेवण्याची सोय नव्हती. हा एक प्रकारचा उद्दामपणाच. परंतु त्यामागे कल्पनेचा प्रामाणिकपणा होता. मात्र त्याच खेळात एक पळवाटही होती. खेळाडूने चालकाची जागा सोडून संघव्यवस्थापक व्हावे, यंत्रनिर्मित चालकाला आज्ञा द्याव्यात आणि काळाचा वेगही वाढवून घ्यावा, अशी ती व्यवस्था. अनेक घरांतून ही शर्यत रात्री लावून देऊन मंडळी झोपी जात आणि सकाळी निकाल पाहत. पुढे ‘ग्रान तुरिस्मो 5’मध्ये 2011 साली पिटमध्ये थांबले असता शर्यत जतन करण्याची सोय करण्यात आली, आणि 2022 मधील ‘ग्रान तुरिस्मो 7’मध्ये ल माँच्या मार्गावर जी शर्यत खेळाडूंच्या विशेष आवडीची झाली ती तीस मिनिटांची आहे. टायरची झीज आणि इंधनाचा खर्च यांना एखाद्या आकड्याने गुणून हा संक्षेप साधला जातो.

संक्षेप हा स्वतः दोष नव्हे. नाटकातही वर्षे एका अंकात सरतात. पण संक्षेपाने प्रमाण राखावयाचे असते. येथे टायर आणि पेट्रोल यांना गुणले जाते, आणि माणूस व यंत्र यांना गुणावयाचे राहते. 1952 साली पिएर लव्हे हा फ्रेंच चालक सहचालकाला जागा न देता जवळजवळ तेवीस तास एकटाच गाडी चालवीत राहिला. तो पुष्कळ आघाडीवर होता, आणि शेवटच्या तासाभरात इंजिन मोडून सर्व संपले. 1988 साली जॅग्वार एक्सजेआर-9 जिंकली, तेव्हा अखेरच्या टप्प्यात यान लामर्स याने गिअरबॉक्स दगा देऊ लागल्याचे ओळखून गाडी चौथ्या गिअरमध्येच ठेवली आणि तशीच शेवटापर्यंत आणली. 1991 साली मॅझ्दा 787बी जिंकली, ती फिरत्या पिस्टनच्या इंजिनाची ल माँ जिंकणारी पहिली गाडी. पण तिचा चालक जॉनी हर्बर्ट शरीरातील पाणी आटून इतका गळून गेला होता की विजेत्यांच्या मंचावर तो उभा राहू शकला नाही. या तिन्ही प्रसंगांत गोष्ट घडते ती झिजण्याने. यांपैकी जॅग्वार आणि मॅझ्दा या दोन्ही गाड्या ‘ग्रान तुरिस्मो 4’मध्ये होत्या. त्यांत चौथ्या गिअरमध्ये अडकून पडण्याची वेळ कोणावर आली नाही.

एवढ्यावर थांबणे मात्र अन्यायाचे होईल, कारण या खेळांत एक जागा अशी आहे की जेथे दमसास खरोखर अवतरतो, आणि तोही खेळाच्या कर्त्यांनी फारसा गाजावाजा न करता. ती जागा इंधनाची. 1982 साली ‘गट क’ या वर्गाचे नियम अमलात आले. गाडीचे किमान वजन 800 किलोग्रॅम, टाकी 100 लिटरची, आणि हजार किलोमीटरांच्या शर्यतीस 600 लिटर इंधन, असे ते नियम होते. इंजिन कितीही मोठे असो, त्याला मिळणारे इंधन मोजके. परिणामी पोर्शे 956 व 962 या टर्बो गाड्यांच्या चालकांना दाबाची कळ कमीजास्त करून, सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेकच्या आधीच ॲक्सिलरेटर सोडून, आणि गिअर लवकर वर टाकून पेट्रोल वाचवावे लागे. 1988 सालीच पोर्शेचा क्लाउस लुडविग एक फेरी अधिक काढण्याच्या मोहात पडला, वाटेत इंधन संपले, आणि स्टार्टर मोटरच्या जोरावर गाडी रखडत पिटपर्यंत आणावी लागली. त्यात गेलेल्या फेऱ्या आणि शेवटी जॅग्वारपासून राहिलेले थोडेसे अंतर यांचा संबंध उघड आहे.

‘ग्रान तुरिस्मो 7’मध्ये इंजिनाला मिळणारे इंधनाचे मिश्रण सहा पायऱ्यांनी कमी करता येते. ल माँच्या तीस मिनिटांच्या शर्यतीत मुरलेला खेळाडू आणि नवखा खेळाडू यांतील भेद येथेच दिसतो. नवखा प्रत्येक फेरी जिवाच्या आकांताने काढतो आणि पेट्रोलसाठी एकदा अधिक थांबतो. मुरलेला मिश्रण पातळ करतो, इंजिनाचा आवाज शिगेला पोहोचण्यापूर्वीच गिअर बदलतो, ब्रेकच्या खुणेआधी शंभर-दीडशे मीटरवर पाय उचलून गाडी वाहू देतो. प्रत्येक फेरीत तो दोन-तीन सेकंद जाणूनबुजून गमावतो, समोरची गाडी दूर जाताना पाहतो, आणि ते सहन करतो. या सहन करण्यात मूळ कलेचा अंश शिल्लक आहे. पुढे जाणाऱ्या गाडीकडे पाहून हात आवरणे ही कृती 1982 मधील चालकाची आणि आजच्या खेळाडूची एकच आहे. येथे अनुकृती आणि अनुकार्य यांतील अंतर क्षणभर मिटते. विशेष असे की हा अनुभव चित्रांच्या वैभवातून येत नाही. तो एका आकड्यातून येतो, पडद्याच्या कोपऱ्यातील उरलेल्या इंधनाच्या आकड्यातून. जो न्याय पेट्रोलला लावला तोच गिअरबॉक्सला, क्लचला, इंजिनाच्या उष्णतेला लावता आला असता. तो लावला नाही, याचे कारण तांत्रिक दिसत नाही. लोकांना आपली आवडती गाडी मोडलेली पाहवणार नाही, हा व्यापारी तर्क असावा.

व्यापाराचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट सांगून टाकावी. ल माँ येथे सर्वाधिक विजय पोर्शेचे, 2017 पर्यंत एकोणीस. पण व्हिडिओ गेममध्ये पोर्शेचे नाव वापरण्याचा हक्क 2016 अखेरपर्यंत मुख्यतः एकाच अमेरिकन कंपनीकडे होता, आणि म्हणून ‘ग्रान तुरिस्मो’च्या पहिल्या वीस वर्षांत ल माँच्या इतिहासातील ही सर्वात मोठी धारा जवळजवळ गैरहजरच राहिली. ज्या पिढीने तो इतिहास खेळातून शिकला तिच्या मनातील 1980 चे दशक सॉबर आणि जॅग्वार यांचेच असल्यास नवल नाही. संग्रहात काय ठेवावयाचे हे करारपत्राने ठरले.

दीर्घपल्ल्याच्या शर्यतीचे आणखी एक अंग खेळात क्वचितच येते, ते म्हणजे गाडी दुसऱ्याच्या हाती सोपविणे. दोघा-तिघांनी एकच यंत्र आळीपाळीने चालवावयाचे असते; म्हणून प्रत्येक जण ते केवळ स्वतःसाठी नव्हे, पुढच्यासाठीही राखतो. एकट्याने खेळल्या जाणाऱ्या खेळात ही जबाबदारी संभवत नाही. जून 2020 मध्ये साथीमुळे खरी शर्यत सप्टेंबरवर गेली, तेव्हा ‘आरफॅक्टर 2’ या खेळावर संगणकजाळ्यातून चोवीस तासांची ल माँ शर्यत भरविण्यात आली. तीत 50 गाड्या होत्या, आणि प्रत्येक गाडी अनेक चालकांनी मिळून चालविली. त्या गाड्या जुन्या नव्हत्या. पण सोपविण्याचे तत्त्व मोठ्या प्रमाणावर तेथे आले. याच शर्यतीच्या जानेवारी 2023 मधील आवृत्तीत मॅक्स व्हेर्स्टापेन याची गाडी आघाडीवर असता जाळ्याचा संपर्क तुटून मागे पडली, आणि त्याने संतापून शर्यत सोडली. कर्त्यांनी वगळलेली मोडतोड अशी मागील दाराने आत आली, असेच म्हणावयाचे.

‘ग्रान तुरिस्मो’त गाडी मुळीच झिजत नाही असे नव्हे, हेही शेवटी नोंदले पाहिजे. तेल जुने होते, बऱ्याच अंतरानंतर इंजिनाची शक्ती किंचित उतरते. पण हे सारे शर्यतीबाहेर, गॅरेजमध्ये, आणि खेळातील पैसे मोजले की पूर्ववत होते. ‘ग्रान तुरिस्मो 4’मध्ये 1969 च्या शर्यतीतील फोर्ड जीटी 40 होती. जिच्यावरून ती घेतली त्या मूळ गाडीच्या सांगाड्याचा क्रमांक 1075. ती 1968 साली जिंकली होती, आणि तीच गाडी पुढील वर्षी पुन्हा उतरविण्यात आली. त्या वर्षी चालकांनी रस्ता ओलांडून धावत गाडीत चढण्याच्या प्रथेचा निषेध म्हणून जॅकी इक्स सावकाश चालत गाडीपाशी गेला, पट्टा नीट बांधला आणि सर्वांच्या मागून निघाला. चोवीस तासांनंतर तो आणि जॅकी ऑलिव्हर जिंकले, ते हेरमानच्या पोर्शे 908 च्या पुढे सुमारे 120 मीटर. खेळातील जीटी 40 मात्र प्रत्येक वेळी आरंभरेषेवर येते ती नवीकोरी, आदल्या वर्षी कोठेच न धावलेली.